आईचं भिंग

आमची आई किराणा आणायला निघाली की आधी भिंग शोधते, पिशवी आणि पैसे नंतर. भिंग मूळचं बाबांचं, पेपरातलं शब्दकोडं सोडवायला घेतलेलं, पण त्याची दांडी तुटली तेव्हा हिने ती काळ्या इन्सुलेशन टेपने गुंडाळली आणि त्या दिवसापासून ते हिच्या मालकीचं झालं. मानेवाडा रोडवरच्या ज्या मोठ्या दुकानात आम्ही जातो तिथे ही तुपाच्या डब्यांसमोर मधोमध उभी राहते, डबा डोळ्याजवळ धरते आणि वाचत बसते, ट्रॉलीवाले तिला वळसा घालून जातात आणि मी दोन हात लांब, बिस्किटांकडे पाहत, जणू ही बाई कोण मला ठाऊकच नाही.

एकदा न राहवून म्हटलं, अगं आई, लोगो दिसून राहिला ना एवढा ढळढळीत, अजून काय वाचून राहिली तू?

"लोगो तर कोणीबी छापते बाप्पा. त्याच्याखाली काय लिहिलं ते पाहू दे."

आणि यात तिचं काही चुकत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आयएसआयचंच घ्या ना. आपण सगळे ते मधलं चित्र पाहतो आणि खूश होतो. पण त्या चित्राच्या वर एक आयएस नंबर असतो, तो त्या वस्तूच्या मानकाचा, म्हणजे कुकर असेल तर २३४७, हेल्मेट असेल तर ४१५१, आणि खाली सीएम/एल करून अजून एक नंबर, तो बनवणाऱ्याच्या लायसन्सचा. मधलं चित्र कोणताही प्रिंटर दहा मिनिटांत काढून देईल, पण खालचा नंबर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं, कोणत्या वस्तूचं, चालू आहे का संपलं, सगळं बाहेर येते. गंमत अशी की ज्या संस्थेच्या नावाचा हा शिक्का, ती इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, १९४७ ला निघाली आणि १९८७ मध्ये तिची बीआयएस झाली, म्हणजे संस्था त्या नावाने उरलीच नाही, शिक्का मात्र अजून तिच्याच नावाचा. आमच्याकडे लाइटचं बिल अजून आजोबांच्या नावाने येते, आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली, तसंच हे. लाइट काही बंद पडत नाही त्याने.

हे ज्ञान मला आधी असतं तर हेल्मेटवाला प्रकार टळला असता. झालं असं की चौकाचौकात चालान फाटू लागले तेव्हा मी घाईघाईत रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या ढिगातून अडीचशे रुपयांचं हेल्मेट उचललं, मागच्या बाजूला आयएसआयचं चकचकीत स्टिकर, मनात म्हटलं चला, काम झालं. पण मे महिना नागपूरचा, गाडी दिवसभर उन्हात, हेल्मेट आरशाला लटकवलेलं, आठ दिवसांत स्टिकरचा गोंद पातळ झाला आणि ते घसरत घसरत खाली आलं आणि एक दिवस माझ्या शर्टच्या कॉलरला चिकटून ऑफिसात पोचलं. म्हणजे त्या दिवशी मीच प्रमाणित. कोणी सांगितलं नाही, सगळे पाहत होते म्हणे. घरी आल्यावर आईने भिंग काढून कॉलर वाचली, वर नंबर नाही, खाली नंबर नाही. "नुसतं चित्रच आहे रे हे," म्हणे, "तुझ्या इंजिनीरिंगसारखं."

आता २०२१ च्या जूनपासून बिनाआयएसआयचं दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही, कायदाच आहे तसा. मला वाटते म्हणूनच तर ते स्टिकर छापावं लागते बिचाऱ्यांना.

खाण्याच्या पाकिटावरच्या लोगोचा घोळ वेगळाच. एफएसएसएआय, म्हणजे सरकारची अन्नसुरक्षेची संस्था, तिचं नाव लिहिलेलं दिसलं की लोकांना वाटते सरकारने चमच्याने चाखून पाहिलं. तसं काही नसते. त्याच्यासोबत १४ आकडी नंबर असतो, पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर लहान धंदेवाल्याचं रजिस्ट्रेशन, पुढचे दोन राज्याचे. एवढंच की हा माणूस सरकारदरबारी नोंदलेला आहे आणि उद्या पोट बिघडलं तर कोणाच्या दारात जायचं ते कळेल. चिवडा खमंग आहे का सादळलेला, हे तो नंबर नाही सांगत.

ॲगमार्कचं, म्हणजे शेतमालावरच्या सरकारी शिक्क्याचं, मात्र तसं नाही, तिथे माल तपासून त्याला ग्रेड देतात. कायदा इंग्रजांच्या काळातला, १९३७ चा, आणि बहुतेक वस्तूंना तो ऐच्छिक आहे, म्हणजे ज्याला आपल्या हळदीची खात्री आहे त्याने स्वतः होऊन परीक्षेला बसायचं. आणि या सगळ्याची सेंट्रल ॲगमार्क लॅबोरेटरी कुठे आहे माहीत आहे का? आपल्या नागपुरात! उत्तर अंबाझरी रोडला. मी त्या रस्त्याने कॉलेजच्या दिवसांत शेकड्याने चकरा मारल्या असतील, तलावावर जायचं, येताना तर्री-पोहे खायचे, आणि ज्या तिखटाची तर्री त्या तिखटाचे पेपर तपासणारे इथेच बसतात याचा पत्ताच नाही. आईला सांगितलं तर तिला एवढा आनंद झाला जसं काही माहेरचं कोणी मंत्री झालं. आता ती ॲगमार्कचं पाकीट हातात घेतली की "आपलंच आहे" म्हणते.

सगळ्यात जास्त चीड तिला त्या हिरव्या पानांची. शाम्पूवर पान, साबणावर पान, 'नॅचरल', 'शुद्धतेची हमी' असं गोल शिक्क्यात लिहिलेलं, सोनेरी कडा वगैरे, आणि भिंगातून पाहिलं तर त्याच्या आजूबाजूला कोणाचंच नाव नाही, नंबर तर दूरच. कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेला शिक्का. लग्नाच्या बायोडेटात 'मुलगी सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष' असं लिहितात ना, लिहिणारे कोण तर मुलीचेच वडील. खरा सरकारी पर्यावरणाचा शिक्का आहे, इकोमार्क, १९९१ पासूनचा, त्यावर मातीचं मडकं आहे, पण आई इतकी वर्षं भिंग घेऊन फिरून राहिली तरी तिला अजून ते मडकं दुकानात एकदाही दिसलं नाही.

बरं, ही बाई आधीपासून अशी संशयी नव्हती. आजीच्या पाटल्या मोडायला नेल्या होत्या, बऱ्याच वर्षांपूर्वी. ज्या पेढीतून घेतल्या तिथल्यांचं आमच्याशी तीन पिढ्यांचं जाणं-येणं, लग्नाला आहेर वगैरे, 'काकू, घरचंच समजा' हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं. दुसरीकडे तपासल्या तर सांगितल्यापेक्षा सोनं बरंच हलकं निघालं. आई तिथे काहीच बोलली नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली की आहेराचं पातेलं तरी चांगलं होतं त्यांचं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी भाचीसाठी चेन घ्यायला इतवारीत गेलो तेव्हा ती पूर्ण तयारीने. आता सोन्यावर हॉलमार्कच्या तीन खुणा असतात, बीआयएसचा त्रिकोण, शुद्धता म्हणजे २२ कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, जो दर दागिन्याचा वेगळा. १ एप्रिल २०२३ पासून जिथे हॉलमार्क सक्तीचा आहे तिथे या एचयूआयडीशिवाय नवा दागिना विकता येत नाही. दुकानातल्या पोराने अदबीने आपलं डोळ्याला लावायचं भिंग पुढे केलं, "घ्या काकू". आईने "आहे माझ्याजवळ" म्हणून टेपवालं काढलं. चेनच्या कडीवरची ती अक्षरं इतकी बारीक की मुंगीने पाय पुसले असं वाटावं, तिने उजेडात धरलं, दारात नेलं (पोरगा मागे मागे), चष्मा काढला, घातला, शेवटी त्याचंच भिंग घ्यावं लागलं. मी नंबर ॲपमध्ये टाकला, दागिना कोणत्या प्रकारचा, शुद्धता किती, कोणत्या केंद्रात तपासला, सगळं जुळलं. पण दुकानदाराच्याच भिंगातून पाहावं लागलं याचं तिला आजही वाईट वाटते.

आणि हीच आई, ऐका आता, सावजी मटणाचा मसाला घेते गोळीबार चौकाकडच्या एका बाईकडून. प्लास्टिकची पन्नी, वर रबर बँड, बस. ना लोगो ना तारीख, १४ आकडी सोडा, एक आकडी नंबर नाही. मी मुद्दाम भिंग आणून तिच्या हातात दिलं, म्हटलं आता पाहा, काय लिहिलं आहे?

"तिचं घर माहीत आहे मला," आई म्हणाली आणि पन्नी डब्यात ओतली.

मी म्हटलं पाटल्यावाल्यांचं घर माहीत नव्हतं का? तर तिने मला कांदे चिरायला बसवलं.

यंदा जूनमध्ये तिने कैरीचं लोणचं घातलं आणि मावसभावाच्या नव्या सुनेला पुण्याला एक बरणी पाठवायची ठरवली. बरणीवर कागदाची पट्टी चिकटवली, तारीख लिहिली, आपलं नाव लिहिलं आणि खाली मोबाइल नंबर, दहाच्या दहा आकडे, मोठ्या अक्षरात. म्हटलं अगं, नंबर कशाला, त्यांच्याजवळ आहे ना तुझा.

"तिच्याजवळ नाही. आणि भिंग असेल का नाही तिच्याजवळ, काय माहीत."

ट्रॅव्हल्सच्या बसने बरणी गेली. चौथ्या दिवशी त्या नंबरवर फोन आला. सून गोड बोलली, आत्या म्हणाली, लोणचं छान आहे पण मीठ जरा जास्त झालं का असं विचारलं. आई "बरं बाई" म्हणाली, फोन ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत घरात कोणाशी बोलली नाही.