ड्रिफ्ट अपडेट: जेएसटेस्ट शून्य दाखवतो, गेम डावीकडेच चालतो

एक्सबॉक्स ३६० च्या गेम कंट्रोलरची नक्कल असलेला माझा क्लोन पॅड लिनक्सला जोडला की काही सेकंदांत गायब होतो, ही रड मागच्या लॉगमध्ये संपली. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकल्यावर त्यातला एक्सपॅड ड्रायव्हर पॅडला हवी असलेली २० बाइटची कंट्रोल रिक्वेस्ट स्वतःच पाठवतो, पॅड ०४५ई:०२८ई या यूएसबी आयडीने जागेवर राहतो आणि माझी पायथनची पळवाट कचऱ्यात गेली. छान वाटलं.

उरला होता ड्रिफ्ट. डाव्या स्टिकला हात न लावता पात्र डावीकडे सरकत राहायचं. आणि जेएसटेस्ट (स्टिकचे आकडे दाखवणारं टूल) पाहावा तर एक्स अक्ष शून्य! जेएसकॅलने कॅलिब्रेट केल्यापासून आकडा ढिम्म हलत नव्हता. गेम उघडला की पुन्हा डावीकडे. त्या गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोनचा (केंद्राजवळची हालचाल शून्य धरण्याचा) पर्यायच नाही, हे आणखी वर.

शेवटी इव्हटेस्ट हे दुसरं टूल लावला आणि कोडं सुटायला लागलं. त्याच पॅडच्या इव्हेंट नोडवर, स्टिक मोकळी सोडलेली असताना, एक्स उणे ३१०० ते उणे ३६०० मध्ये घुटमळत होता. पूर्ण पल्ला उणे ३२७६८ ते ३२७६७, म्हणजे एका बाजूच्या पल्ल्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास कायमचा कल. पॅड एकच, पण कर्नल त्याचे आकडे दोन रस्त्यांनी देतो: जेएसटेस्ट वाचतो जॉयडेव्हचा जेएस० आणि एसडीएल या गेम लायब्ररीवर चालणारे गेम वाचतात इव्हडेव्ह, म्हणजे तो इव्हेंट नोड. जेएसकॅल दुरुस्तीचे जे गुणांक भरतो ते जॉयडेव्हच्या पोटातच राहतात. गेमच्या लेखी माझं कॅलिब्रेशन झालेलंच नव्हतं. जेएसटेस्ट-जीटीके (जेएसटेस्टचं खिडकीवालं रूप) दिसायला कितीही देखणा असला तरी ड्रिफ्टच्या तपासात तो मी आता उघडणार नाही. इव्हटेस्ट रुक्ष आहे, पण गेमला जे मिळतं तेच दाखवतो.

मग इव्हडेव्ह-जॉयस्टिक या टूलने एक्स आणि वाय दोन्हींचा डेडझोन ४००० केला. इव्हटेस्टच्या सुरुवातीच्या यादीत फ्लॅट (तिथलं डेडझोनचं नाव) ४००० दिसला (एक्सपॅड मुळात १२८ ठेवतो). खाली आकडे मात्र तेच, उणे ३२००, उणे ३४००. इथे मी बराच वेळ अडकलो. मॅन पेज चाळून काही हाती लागलं नाही, सोर्स वाचल्यावर लागलं. फज आणि फ्लॅट या शेजारच्या दोन रकान्यांचं नशीब अगदी वेगळं आहे. फज कर्नल स्वतः लावतो, किरकोळ थरथर तिथेच गाळली जाते. फ्लॅट तो फक्त नोंदवून ठेवतो. इव्हडेव्हमधून मूल्य जसंच्या तसं बाहेर पडतं आणि फ्लॅट मानायचा की नाही हे वाचणाऱ्यावर सोडलेलं असतं. एसडीएल २ मुळात मानत नाही. उलट जॉयडेव्ह फ्लॅट मानतो, पण पॅड जोडला जातो त्या क्षणी एकदाच उचलून घेतो, नंतर बदललेला त्याला कळत नाही. दोन टूल, दोन रस्ते, आणि एकाचं दुसऱ्याला काही ठाऊक नाही!

एसडीएलला तो मानायला लावता येतं. २.०.१४ पासून एसडीएल-लिनक्स-जॉयस्टिक-डेडझोन्स नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, तो १ केला आणि गेम सुरू केला. पात्र उभं. मी उगाच मिनिटभर त्याच्याकडे बघत बसलो.

विंडोजसाठी लिहिलेले बरेच गेम याच पॅडवर नीट का चालायचे, तेही आता जुळलं. एक्सइनपुटच्या (विंडोजच्या कंट्रोलर वाचायच्या सोयीच्या) हेडरमध्येच डाव्या स्टिकसाठी ७८४९ आणि उजवीसाठी ८६८९ असा डेडझोन सुचवलेला आहे. माझे उणे ३४०० त्यात सहज बुडतात.

पॅड काढून लावला की फ्लॅट पुन्हा १२८, म्हणून एचडब्ल्यूडीबीत (उपकरण जोडलं की लागू होणाऱ्या सेटिंगच्या यादीत) नोंद टाकायला घेतली. अक्ष ०० आणि ०१ (एक्स आणि वाय) साठी चार कोलन आणि शेवटी ४०००. रिकामी सोडलेली घरं कर्नलची मूल्यं तशीच ठेवतात. मग सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट, युडेवअ‍ॅडएम ट्रिगर, काम झालं. एकच खोच आहे. क्लोन अस्सल ३६० पॅडचाच आयडी सांगतो, त्यामुळे ही ओळ अस्सल पॅडलाही लागते. नावावरून वेगळं काढावं म्हटलं तर एक्सपॅड नावही आयडी बघून स्वतःच्या तक्त्यातून देतो. खोक्यावर ‘सर्व प्लॅटफॉर्मवर चालतो’ असं छापणाऱ्यांनी निदान स्वतःचा आयडी तरी घ्यायचा!

इथवर लिहून लॉग संपवणार होतो. पण मध्ये थोडं खेळून आलो आणि बेत बदलला. फ्लॅट प्रत्येक अक्षाला वेगळा लागतो, म्हणून मृत भाग गोल न राहता अधिकच्या चिन्हासारखा होतो. स्टिक हळूहळू गोल फिरवली की दिशा सरळ आडवी किंवा उभी चिकटते. धावण्याउडण्याच्या गेममध्ये चालून जाईल, नेम धरताना अजिबात नाही.

तेव्हा आता युइनपुट, म्हणजे स्क्रिप्टमधून आभासी पॅड बनवायची कर्नलची सोय. पायथन-इव्हडेव्हने मूळ पॅड ग्रॅब करायचा, म्हणजे त्याचे इव्हेंट फक्त स्क्रिप्टलाच मिळतात (मग जेएस० सुद्धा गप्प बसतो), एक्स-वायचं केंद्रापासूनचं अंतर काढायचं, ४००० च्या आत असेल तर दोन्ही शून्य, बाहेर असेल तर डेडझोनच्या कडेला शून्य धरून तिथून ताणायचं. दोन्ही अक्ष वेगवेगळ्या इव्हेंटमध्ये येतात, त्यामुळे सिन-रिपोर्ट (एका वेळचे बदल संपल्याची खूण) येईपर्यंत थांबून मगच हिशेब. आभासी पॅडला आयडी वेगळा द्यायचा, म्हणजे एसडीएलच्या दुर्लक्ष-यादीत मूळ पॅड टाकला तरी हा गेमला दिसत राहतो. कच्ची स्क्रिप्ट चालते आहे, गोल फिरवल्यावर गोलच उमटतो, आणि एचडब्ल्यूडीबीची ओळ काढून टाकता आल्याने अस्सल पॅडचाही प्रश्न मिटला.

हॉल मॉड्यूल (चुंबकाने स्थिती मोजणारी स्टिक) बसवायचा विचार होता, पण जुन्या स्टिकचे पाय डिसोल्डर करण्यापेक्षा स्क्रिप्ट लिहिणं मला परवडतं.

रंबल (पॅडची थरथर) मात्र गेला. फोर्स फीडबॅक आभासी पॅडवर अपलोड होतो आणि तिथेच विरतो. अपलोड आणि इरेजच्या विनंत्या पकडून मूळ पॅडकडे पाठवून पाहतो आहे. कुणी हे आधी केलं असेल तर इफेक्टचे आयडी दोन्हीकडे कसे जुळवलेत तेवढं सांगा, माझा दुसरा इफेक्ट पहिल्यावरच लिहिला जातो आहे.