अफ्स्पाच्या भागातली तक्रार : कागद लावतानाचा माझा अनुभव

मणिपूरमध्ये अफ्स्पा (सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या भागात चकमकीत माणूस गमावलेल्या कुटुंबांची कागदपत्रं मी लावून देते. सगळ्यात आधी पाहते ती घटनेची तारीख. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत तक्रार गेली नाही, तर मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 36 प्रमाणे आयोगाला चौकशी करता येत नाही. तक्रारीला फी नाही. आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते, म्हणजे मणिपुरीही.

मग पाहायचं, कारवाईत कोण होतं. लष्कर, आसाम रायफल्स किंवा सीआरपीएफ असेल तर त्याच कायद्याचं कलम 19 लागतं: आयोग केंद्राकडून अहवाल मागवतो आणि फार तर शिफारस करतो. राज्य पोलिसांचे कमांडो सोबत असतील तर त्यांच्यापुरती आयोग स्वतः चौकशी करू शकतो. म्हणून संयुक्त कारवाईत पोलिसांचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात हवा.

एफआयआर बहुतेकदा तुकडीच्याच फिर्यादीवरून, मेलेल्या माणसाविरुद्ध असतो. तो, जप्तीचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल शेजारी ठेवून वेळा ताडून पाहायच्या. जखमेच्या कडा करपल्याची नोंद असेल, तर लांबून उडालेल्या चकमकीची हकीकत टिकत नाही. घरच्यांना अटक मेमो दिलेला असेल तर तो जिवापाड जपावा. माणूस कुणाच्या ताब्यात होता हे त्यावरूनच सिद्ध होतं.

माहिती अधिकारात आसाम रायफल्सला सूट आहे, पण मानवी हक्कभंगाच्या माहितीला नाही. ती केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीने 45 दिवसांत द्यावी लागते. लष्कर तर त्या सूट-यादीतच नाही. तरी कलम 24 दाखवून अर्ज फेटाळला, तर लगेच अपील करायचं.

खरी अडचण पुढे आहे. गुन्हा नोंदवायला किंवा तपासाला केंद्राची परवानगी लागत नाही; अफ्स्पाखाली ती लागते न्यायालयाने खटल्याची दखल घेण्याआधी. काश्मीरमधल्या पथरीबल प्रकरणात (लष्कराने पाच गावकऱ्यांना अतिरेकी ठरवून मारल्याचा आरोप) 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आणि कोर्ट मार्शलचा पर्याय लष्करापुढे ठेवला. लष्कराने प्रकरण स्वतःकडे घेतलं आणि 2014 मध्ये पुराव्याअभावी बंद केलं. परवानगीचं म्हणाल, तर तेव्हाचे संरक्षण राज्यमंत्री, धुळ्याचे तत्कालीन खासदार सुभाष भामरे यांनी 2018 मध्ये राज्यसभेला सांगितलं, की 2001 पासून जम्मू-काश्मीरमधून आलेल्या 50 प्रकरणांपैकी 47 मध्ये ती नाकारली, 3 प्रलंबित. निर्णय घेणारं आणि ज्यांच्यावर आरोप आहे ते एकाच सरकारचे असतील, तर दुसरं काय होणार?

तरीही नकाराचा आदेश कारणांसह लेखी मागावा. नागालँडमधल्या ओटिंग इथे 2021 मध्ये लष्कराच्या गोळीबारात गावकरी मारले गेले, त्या प्रकरणात नागालँड पोलिसांनी लष्कराच्या 30 जणांवर आरोपपत्र ठेवलं आणि केंद्राने परवानगी नाकारली, तेव्हा राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं ते त्या नकारालाच आव्हान देत.