वसुली एजन्सीचा करारनामा: टक्क्याच्या पलीकडे काय वाचायचं

उधारी सहा-आठ महिने अडकली, पार्टी फोन उचलेनाशी झाली, की लघुउद्योजक वसुली एजन्सी गाठतो. 'पैसे आले तरच कमिशन' असं सांगून एजन्सी चार-पाच पानांचा छापील करारनामा पुढे करते. बहुतेक जण त्यात फक्त टक्का बघतात आणि सही करतात. पण टक्का कशावर लावायचा हे सांगणारं कलम त्याहून महत्त्वाचं, आणि ते सहसा व्याख्यांच्या पानात दडलेलं असतं.

समजा, भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटला एका पार्टीकडून ८ लाख रुपये येणं आहे. कमिशन ठरलं २० टक्के. पार्टीने ५ लाखांवर तडजोड केली. कमिशन 'प्रत्यक्ष जमा रकमेवर' असेल तर १ लाख, अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,००० रुपये. तेच 'सोपवलेल्या रकमेवर' असेल तर १,६०,००० आणि जीएसटी धरून १,८८,८००. एका शब्दाने ७०,८०० रुपये गेले. म्हणून करारात सरळ लिहून घ्यावं: वसुली म्हणजे आमच्या बँक खात्यात जमा झालेली आणि वटलेली रक्कम. 'वटलेली' हा शब्द सोडू नका. पार्टीचा चेक हातात पडला की कमिशन देय, असं काही नमुन्यांत असतं. तो चेक परत आला तरी एजन्सीचं बिल उभंच राहतं.

थकलेल्या बिलात जीएसटीही धरलेला असतो आणि तो तुम्ही बहुधा कधीच सरकारजमा केलेला असतो. त्या भागावर कमिशन का द्यायचं, हा प्रश्न घासाघीस करताना जरूर काढावा. पार्टीने पैशांऐवजी माल परत दिला किंवा तुम्ही क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) दिली, तर कमिशन किती, हेही तिथेच ठरवून टाकावं.

पुढचं कलम थेट भरण्याचं. केस सोपवल्यावर पार्टीने परस्पर तुमच्या खात्यात पैसे भरले तरी कमिशन द्यायचं, असं एजन्सी मागते. यात गैर काही नाही. तिच्या तगाद्यामुळेच ते आलेले असू शकतात. पण तीच पार्टी नवा मालही उचलत असेल तर कुठली रक्कम जुन्या बिलाची आणि कुठली नव्याची, यावरून वाद होतो. त्यासाठी करारासोबत परिशिष्ट जोडावं: बिल नंबर, तारीख, मूळ रक्कम, बाकी. कमिशन फक्त त्या यादीतल्या बिलांवर. आधीच हातात असलेले पुढच्या तारखेचे चेक यादीतून वगळावेत.

पैसे कोणाच्या खात्यात येणार, या कलमावर मी सगळ्यात जास्त अडून बसायला सांगेन. तुम्ही एजन्सीला पैसे स्वीकारायचा अधिकार दिला आणि पार्टीने तिला पैसे दिले, की पार्टी कर्जातून सुटली. एजन्सीने ते पुढे दिले नाहीत तर तुम्हाला एजन्सीच्या मागे लागावं लागतं, पार्टीच्या नाही. त्यातून करार कायदा, १८७२ च्या कलम २१७ प्रमाणे एजंट हाती आलेल्या रकमेतून स्वतःचं मानधन आणि खर्च कापून घेऊ शकतो. तेव्हा 'सर्व भरणा फक्त अशिलाच्या (म्हणजे तुमच्या) खात्यात. एजन्सीने रोख, स्वतःच्या नावाचा चेक किंवा स्वतःचा क्यूआर कोड वापरू नये' हे वाक्य हवंच. ते मान्यच होत नसेल तर निदान ७ दिवसांत पैसे वळते करणं, हिशोबासह, आणि उशिरावर व्याज.

तडजोडीचा अधिकारही कोऱ्या चेकसारखा देऊ नये. किती रकमेपर्यंत सूट, किती हप्ते, व्याज सोडायचं की नाही, प्रत्येक वेळी तुमची ईमेलवर मंजुरी. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा देणारा असाल तर एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा), २००६ प्रमाणे पैसे देण्याची ठरलेली मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे व्याज तडजोडीतलं तुमचं मोठं हत्यार आहे. एजन्सीने ते पहिल्याच फोनवर सोडून देऊ नये.

आता मुदत. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारणपणे ३ वर्षं. एजन्सीकडे फाइल दिली किंवा नोटीस पाठवली म्हणून ती थांबत नाही. मुदत संपण्याआधी पार्टीने सहीनिशी लेखी कबुली दिली, किंवा थोडी रक्कम भरून तशी स्वतःच्या अक्षरातली वा सहीची नोंद दिली, तरच ती नव्याने सुरू होते. त्यामुळे 'पहिल्या ३० दिवसांत पार्टीकडून सही-शिक्क्याचं बॅलन्स कन्फर्मेशन (बाकी मान्य असल्याचं पत्र) मिळवण्याचा प्रयत्न करणे आणि लेखी अहवाल देणे' हे काम करारात घालावं. चेक परत आलेला असेल तर घड्याळ आणखी वेगाने पळतं: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पार्टीला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. 'आम्ही बोलतोय' म्हणत एजन्सी हे दिवस घालवते. मूळ चेक आणि बँकेचा परतीचा मेमो तिच्या हाती देऊच नये, झेरॉक्स पुरते.

कोर्टाचा खर्च कमिशनमध्येच, असं आमिष दाखवलं तर सावध व्हा. वसुलीच्या टक्केवारीवर फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. वकील तुम्ही नेमा, वकालतनामा तुमच्या सहीचा, फी वेगळी.

वागणुकीचं कलम हे निव्वळ सभ्यतेसाठी नसतं. एजन्सीच्या माणसाने तुमचं काम करताना खोटी माहिती देऊन फसवलं तर करार कायद्याच्या कलम २३८ प्रमाणे ते तुम्हीच केल्यासारखं धरलं जातं. धमकी दिली तर पोलीस तक्रारीत तुमचंही नाव येऊ शकतं. बँकांच्या वसुली एजंटांना रिझर्व्ह बँकेने सकाळी ८ ते संध्याकाळी ७ हीच वेळ घालून दिली आहे. तुमच्या व्यापारी उधारीला तो नियम थेट लागू नसला तरी तीच वेळ करारात लिहावी. सोबत घरच्यांना फोन नाही, पोलीस किंवा कोर्टाचं नाव घेऊन भीती नाही, काम दुसऱ्या एजन्सीकडे परस्पर देणं नाही. एजन्सीवर आलेल्या सर्व दाव्यांची भरपाई अशील करेल, असं वाक्य मसुद्यात असलं तर खोडून उलट करून घ्या.

करार संपवण्याची नोटीस ३० दिवसांपेक्षा लांब नको, आपोआप नूतनीकरण नको आणि रद्द केल्याबद्दल दंड नको. संपल्यानंतर आलेल्या पैशांवरचं कमिशन ६० दिवसांपुरतं, तेही ज्या पार्टीने एजन्सीमार्फत लेखी कबुली दिली तिच्यापुरतंच ठेवावं. आणि करार संपला त्याच दिवशी प्रत्येक पार्टीला ईमेल आणि स्पीड पोस्टाने कळवावं की अमुक तारखेपासून या एजन्सीला आमच्या वतीने पैसे घेण्याचा अधिकार नाही. पार्टीला हे कळेपर्यंत तिच्यापुरता तो अधिकार करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे चालूच राहतो.