टॅरो डायरी: रोज एकच कार्ड, तेही रात्री

टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात तो ७८ चित्रकार्डांचा संच. त्यातल्या सेल्टिक क्रॉस या दहा कार्डांच्या मांडणीला सध्या सुट्टी दिली आहे. दहा कार्डं मांडली की मी लगेच गोष्ट रचायला बसते आणि ती गोष्ट हमखास माझ्या सोयीची निघते. म्हणून रोज एकच कार्ड, आणि तेही दिवस आटोपल्यावर. सकाळचं कार्ड दिवसभर मानगुटीवर बसतं. टॉवर हे वीज पडलेल्या मनोऱ्याचं कार्ड निघालं की साधा फोन वाजला तरी धस्स होतं, आणि संध्याकाळी ‘बघा, आलंच होतं’ म्हणायला आपण मोकळे. रात्री मात्र दिवस घडून गेलेला असतो. भाकिताला वावच उरत नाही. उरतं ते एवढंच, की त्या चित्रातून दिवसाकडे पुन्हा एकदा बघायचं.

प्रश्नही त्यामुळे बदलले. ‘होईल का’ आणि ‘कधी होईल’ वहीतून हद्दपार केले. ‘आज मी कशाकडे काणाडोळा केला?’ हा सध्या सगळ्यात कामाचा प्रश्न आहे.

पद्धत अशी की कार्ड उलटल्यावर पहिली काही मिनिटं पुस्तक नाही, ॲप नाही, पाठ झालेले अर्थही नाहीत. डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं, पंचनामा केल्यासारखं. परवा एट ऑफ स्वॉर्ड्स (आठ तलवारींचं कार्ड) आलं. अडकलेपण, कोंडी, असा त्याचा पाठ झालेला अर्थ. पंचनाम्यात आलं ते असं: बाईच्या डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती घट्ट गुंडाळलेलं कापड, हात दिसत नाहीत. तलवारी जमिनीत रोवलेल्या, पण कुंपण पुरं झालेलं नाही, समोरची बाजू उघडीच. बांधणारा चित्रात कुठेच नाही. मागे उंचावर किल्ला. पायाखाली पाणी आणि चिखल. पाय मोकळे.

त्या दिवशी एका अडलेल्या कामाबद्दल मी दोघातिघांना ‘माझ्या हातात काही नाही’ असं सांगून झालं होतं, आणि ते खरंही होतं. पण ‘पाय मोकळे’ असं स्वतःच्या अक्षरात लिहिल्यावर पेन तिथेच थांबलं. कुठे जाऊन कोणाला भेटता येईल याची छोटी यादी त्या रात्री वहीत उतरली. नुसतं ‘कोंडी’ वाचलं असतं तर मान डोलावून झोपले असते.

हे सगळे बारकावे पामेला कोलमन स्मिथ यांच्या हातचे. १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने हा डेक, म्हणजे मी वापरते तो कार्डांचा संच, काढला. आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची होती, त्यामुळे नाव प्रकाशकाचं आणि वेट यांचं (रायडर-वेट) चिकटलं, चित्रकार बाई मागे राहिल्या. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये मायनर कार्डांवर, म्हणजे कप्स (पेले), वाँड्स (काठ्या), स्वॉर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी) या चार सूटच्या, अर्थात गटांच्या, आकडेवाल्या कार्डांवर, नुसते सहा पेले किंवा नऊ काठ्या असत, प्रसंग नसायचा. पंधराव्या शतकातला इटलीचा सोला बुस्का डेक हा मोठा अपवाद. आपल्या थ्री ऑफ स्वॉर्ड्समधलं तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय तिथे आधीच भेटतं. काम संपल्यावर स्मिथ यांनी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना पत्रातून कळवलं होतं की काम मोठं आणि पैसे अगदी थोडे. चित्राच्या खालच्या कोपऱ्यातली त्यांची नागमोडी सही शोधून बघा. एकदा दिसली की मग नजर आपोआप तिकडे जाते.

आता ‘पाठलाग करणाऱ्या’, म्हणजे पुन्हा पुन्हा निघणाऱ्या, कार्डांबद्दल, कारण आपल्या टॅरोवाल्यांत हा विषय निघतोच. मध्यंतरी माझ्याकडे फोर ऑफ कप्स सारखं येत होतं. म्हणून गणित मांडून पाहिलं. ७८ कार्डांतून रोज एक काढून परत मिसळलं, तर अकराव्या दिवसापर्यंत कुठलं तरी कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. त्यामुळे दोनदा येणं ही काही बातमी नाही. वर आपलं पिसणं! हातात धरून वरवर पिसलं की कार्डं गठ्ठ्यागठ्ठ्याने जवळजवळच राहतात. ५२ पत्त्यांना रिफल पद्धतीने (दोन गठ्ठ्यांच्या कडा एकमेकांत फरफर सोडून) सात वेळा पिसलं की ते बऱ्यापैकी मिसळतात, असं बायर आणि डायाकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं. आपल्या ७८ ला आणखी थोडं पिसावं लागणार. पण टॅरोची मोठी कार्डं रिफल करताना कडा मुडपतात, म्हणून मी सगळी कार्डं टेबलावर पालथी पसरते आणि दोन्ही हातांनी कालवते. तेव्हापासून फोर ऑफ कप्स गायब.

योगायोग म्हटलं की साधनेतला जीव जातो, असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. कार्ड मला ओळखत नाही, म्हणूनच ते माझी भीड ठेवत नाही. सल्ला देणारी जवळची माणसं बिचारी ठेवतात.

डोकं खाली, पाय वर अशी निघालेली उलटी कार्डं सध्या सरळ करूनच वाचते. सरळ चित्रातही दुसरी बाजू असतेच. टेन ऑफ स्वॉर्ड्समध्ये पाठीत दहा तलवारी आणि वर काळंकुट्ट आकाश, पण क्षितिजावर पिवळा पट्टा आणि पाणी एकदम संथ.

कोर्ट कार्डांशी (राजा, राणी, नाइट, पेज) अजून झटापट चालू आहे. ती १६ आहेत, म्हणजे साधारण पाचातलं एक कोर्टचं निघणार, सुटका नाही. ‘ही व्यक्ती कोण’ हा शोध मी सोडला. ‘आज मी कोणाच्या तोऱ्यात वागले’ असं विचारते. नाइट्ससाठी घोडा बघायचा, अर्धं काम होतं. स्वॉर्ड्सचा चौखूर उधळलेला, पेंटॅकल्सचा जागचा हलत नाही. क्वीन्ससाठी सिंहासनाच्या आसपास बघायचं. वाँड्सच्या राणीच्या पायाशी काळी मांजर आहे, पेंटॅकल्सच्या राणीच्या कोपऱ्यात ससा. राजे मात्र मख्ख बसून आहेत. त्यांच्या पानांवर वहीत दोन ओळींपलीकडे काही नाही.

पुढचा बेत मार्से डेकचा, म्हणजे जुन्या फ्रेंच पद्धतीच्या टॅरोचा. तिथे जस्टिस कार्डाचा क्रमांक ८ आणि स्ट्रेंग्थचा ११ हे लक्षात ठेवायचं, कारण वेट यांनी त्यांची अदलाबदल केली आहे. खरी पंचाईत मायनर कार्डांची. तिथल्या एट ऑफ स्वॉर्ड्समध्ये बाई नाही, चिखल नाही, किल्ला नाही. वाकवलेल्या तलवारींची गुंफण आणि मध्ये एक फूल. पंचनामा एका ओळीत संपणार. एकट्या कार्डाला तिथे बोलतं करता येईल असं वाटत नाही, त्यामुळे तीन कार्डं शेजारी ठेवून सुरुवात करणार आहे. मार्से रोज वापरणाऱ्यांनी सांगा, तुम्ही आधी आकडा बघता की सूट?