लोण्याचा मनोरा आणि आषाढी एकादशी

टूर मॅनेजरला युरोपात ठरलेलेच प्रश्न येतात: वॉशरूम कुठे, फोटोला किती वेळ. फ्रान्समध्ये रूआँच्या कॅथेड्रलसमोर मात्र आमच्या ग्रुपमधल्या निवृत्त ऑडिटर काकांनी विचारलं, "मॅडम, एवढं उभारायला पैसा कोणी दिला? राजानं?"

राजेही द्यायचे, पण त्यांच्या भरवशावर काम चालत नसे. फ्रान्समधल्याच शार्त्र गावचं कॅथेड्रल 1194 मध्ये जळालं, तेव्हा बिशप आणि तिथल्या धर्मगुरूंनी आपल्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा मोठा भाग बांधकामाला दिला. लाँ गावचं कॅथेड्रल 1112 मध्ये जळालं, तर तिथले धर्मगुरू संतांचे पवित्र अवशेष घेऊन गावोगाव दान मागत फिरले, पुढच्या वर्षी थेट इंग्लंडपर्यंत.

"बजेट?"

नव्हतंच. पैसा येईल तसं काम, आटला की बंद.

"हिशोब तरी?"

इंग्लंडात एक्झेटरला 1279 ते 1353 या काळातले बांधकामाचे बरेच हिशोब अजून जपलेत म्हटल्यावर काकांचा चेहरा खुलला.

मग मी उजवीकडचा मनोरा दाखवला. काम सुरू 1485 मध्ये, नाव 'लोण्याचा मनोरा'. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात तेव्हा मांसाबरोबर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य असत. दक्षिणेकडच्यांना ऑलिव्ह तेल होतं. इकडे नॉर्मंडीत, म्हणजे रूआँच्या भागात, ऑलिव्ह कुठलं, गाईच गाई. म्हणून चर्चनं सवलत काढली: दान द्या, लोणी खा. तो पैसा मनोऱ्याला लागला. सगळा खर्च त्यातूनच निघाला असं काही गाइड ठोकून देतात, मी तेवढं म्हणत नाही.

नेमकी त्या दिवशी आषाढी. पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू बाळगणाऱ्या एक काकू चकित झाल्या. "अगंबाई, उपवासाला लोणी चालत नाही? मग चालतं तरी काय?" झालं, अर्धा ग्रुप मनोरा सोडून तूप, भगर आणि शेंगदाणा तेलावर घसरला.

काका मात्र अडून बसले. "म्हणजे नियमही यांचा आणि सूट विकणारेही हेच?"

हा आक्षेप जुनाच. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं 1520 मध्ये या लोण्याच्या परवान्यांवर तोंडसुख घेतलं होतं: रोमवाले, म्हणजे पोपची मंडळी, स्वतः ज्या तेलानं जोडेही चोपडणार नाहीत, ते आम्हाला खायला लावतात आणि वर सूट विकतात, असा त्याचा रोख. काकांना ल्यूथर एकदम पटला.

उपवासवाल्यांसाठी मी रेस्तराँत उकडलेले बटाटे सांगून ठेवले होते. वर लोण्याचा हा एवढा गोळा. काकांनी चमचा हातात घेतला आणि मला विचारलं, "याचे वेगळे नाहीत ना?"