मणक्यातला 'गॅप' आणि सुईनंतरचे चार तास

आपल्या मराठवाड्यात कंबर दुखली की एकच उत्तर मिळतं: मणक्यात गॅप आहे. एक्स-रे पाहून मलाही तेच सांगितलं गेलं. प्रत्यक्षात दुखत होते ते मणक्याच्या मागचे छोटे सांधे, म्हणजे फॅसेट जॉइंट. लागून असलेल्या दोन मणक्यांमध्ये असा एक सांधा डावीकडे, एक उजवीकडे असतो. गुडघ्यासारखी त्यांनाही कूर्चा असते आणि तीही झिजते.

खुरपून उठताना, माळवदाकडे मान वर करून मागे झुकताना, फार वेळ उभं राहिलं तर कळ येते. बसलं, पुढे वाकलं की उतरते. गादीचं, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीचं दुखणं बहुधा याच्या उलट वागतं. कळ कुल्ल्यात, मांडीत जाते, गुडघ्याखाली सहसा नाही. सकाळी धरलेली कंबर अर्ध्या तासात सुटते. तरुण वयात ती त्याहून जास्त वेळ आखडत असेल आणि आरामाऐवजी हालचालीनं बरं वाटत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. ते अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतं.

एमआरआयवर फार विसंबू नका. ज्यांची कंबर कधी दुखली नाही, त्यांच्याही सांध्यांत झीज दिसते. खरा उलगडा झाला तो मीडियल ब्रांच ब्लॉकनं. पालथं झोपवून, सी-आर्मवर (चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघत, सांध्याची जाणीव नेणाऱ्या बारीक नसांजवळ भुलीचं औषध सोडतात, प्रत्येक ठिकाणी जेमतेम अर्धा मिली. एका सांध्याला दोन नसा, म्हणून दोन ठिकाणी सुई. हा इलाज नव्हे, चाचणी आहे. ती वाया जाते ती बहुतेक वेळा आपल्याच हातून: सकाळी दुखण्याची गोळी घेतलेली असते, किंवा सुई झाली की लगेच एसटीत बसून झोपून गावी जातो. औषधाचा अंमल काही तासांचाच असतो. तेवढ्यात मुद्दाम उभं राहा, मागे वाका, जिने चढा आणि दर अर्ध्या तासानं दुखणं दहापैकी किती, ते वहीत लिहा. माझी नोंद अशी होती: आधी ७, तासाभरानं २, चार तासांनी पुन्हा ६. दुसऱ्या खेपेलाही असंच आलं, तेव्हा पुढचं ठरलं.

पुढचं म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी. त्याच नसा साधारण ८० अंश सेल्सिअसला ६० ते ९० सेकंद तापवून निकामी करतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. पहिले एक-दोन आठवडे जागा ठणकते, त्यानं घाबरू नका. आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. नस पुन्हा वाढते.

या मुदतीतच व्यायाम बसवायचा असतो: उताणं झोपून गुडघे छातीशी, मग पाय रोवून कंबर उचलणं, आणि रोजचं चालणं. नुसत्या कंबरेच्या पट्ट्यावर राहिलं तर स्नायू सैल पडतात. उन्हाळ्यात रानात पाणी कमी पिऊन वर दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडाला मार बसतो. लघवी अडली, नकळत झाली, किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.