एक धक्का, दोन तक्रारी

धक्का एकच होता. परळच्या एका सोसायटीच्या गेटवर बिल्डरच्या माणसाने दोन्ही हात पसरून रेटा दिला आणि दोघं मागे पडले. एक मराठी दैनिकाचा पंचविशीतला वार्ताहर, दुसरे माझे अशील, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर, वय 67. वार्ताहराचं कोपर सोलवटलं, काकांचा चष्मा फुटला. दोघंही मोबाइलवर एकाच खांबाच्या भेगेचं शूटिंग करत होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी काकांबरोबर पोलीस ठाण्यात गेले. वार्ताहर आधीच येऊन बसला होता, त्याच्यापुढे चहा आला होता. काका बाकावर.

वार्ताहराच्या तक्रारीला 2017 चा पत्रकार संरक्षण कायदा लागला. दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, आणि तपास उपअधीक्षक, म्हणजे आपल्या मुंबईत सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. काकांच्या वाट्याला एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. मुंबईत ज्याने कधी एनसी नोंदवलीय त्याला पुढचं सांगायला नको. कागद घ्यायचा, घडी घालून पाकिटात ठेवायचा आणि घरी जायचं.

"साहेब, हे तीन वर्षं वॉर्डाच्या बातम्यांचा ब्लॉग लिहितात," मी म्हटलं.

"कुठल्या पेपरात आहेत?"

त्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. रात्री मी व्याख्या वाचली होती. जिचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जी प्रसारमाध्यम संस्थेत नोकरीवर किंवा कंत्राटावर आहे, अशा व्यक्तीसाठी हा कायदा. काकांचा मुख्य व्यवसाय पेन्शन. हे वाक्य त्यांचंच, आणि ते त्यांनी साहेबांसमोर म्हणून टाकलं. वकिलाने अशिलाला गप्प बसायला सांगावं म्हणतात ते उगाच नाही.

"मॅडम, उद्या प्रत्येक फेसबुकवाला पत्रकार म्हणून माझ्या दारात उभा राहील," साहेब म्हणाले. राग आला, पण उत्तर सुचेना. त्याच आठवड्यात एक दुकानदार माझ्याकडे आला होता. हातात माइक घेतलेला कुणी यूट्यूबवाला 'बातमी लावतो' म्हणत त्याच्याकडे पैसे मागत होता. व्याख्या सैल केली की हाही आत येणार. घट्ट ठेवली की काका बाहेर.

एवढ्यात साहेबांनी दुसरी फाइल काढली. बिल्डरची तक्रार होती, सोसायटीच्या ऑफिसातून कागद चोरीला गेल्याची. कागद म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचे, इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचे, दोन रिपोर्ट. पहिल्यात इमारत सी-टू-बी, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती होईल. चार महिन्यांनी दुसऱ्या कन्सल्टंटचा रिपोर्ट आला, त्यात तीच इमारत सी-वन. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, खाली करा आणि पाडा. चार महिन्यांत खचली ती इमारत, की खचला तो रिपोर्ट, हा काकांचा प्रश्न. असे दोन रिपोर्ट भिडले की पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जायचं असतं, इथे कुणी गेलं नव्हतं. काकांनी दोन्हींचे फोटो ब्लॉगवर टाकले, आणि चार दिवसांनी या वार्ताहराच्या पेपरात तीच बातमी आली. ब्लॉगचा उल्लेख नव्हता, हे जाता जाता.

"कागद कुणी दिले?" साहेबांनी आधी वार्ताहराला विचारलं.

"सोर्स सांगणार नाही. प्रेस कौन्सिल कायदा, कलम 15."

पोरगा ठासून बोलला. मी माझ्या फायलीत डोकं घातलं. त्या कलमातलं संरक्षण आहे ते प्रेस कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. ठाण्याच्या टेबलावर ते चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात पत्रकाराला अशी सवलत नव्हती. विधी आयोगाने 1983 साली 93 व्या अहवालात ती घाला म्हणून सांगितलं. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ती नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं न सांगण्याची मुभा मला आहे, वकील म्हणून. वार्ताहराला नाही आणि काकांनाही नाही. पण त्याचा फुगा मी का फोडू? साहेबांनीही कलम उघडून पाहिलं नाही. "तुमच्या संपादकांशी बोलतो," म्हणाले आणि काकांकडे वळले.

"आणि तुम्ही? तुम्हाला कसला आलाय सोर्स?"

माझी तयारी इथवरची होती. अमेरिकेतला क्रिस्टल कॉक्स या ब्लॉगरचा खटला मी काढून ठेवला होता. ओरेगनच्या कोर्टात तिच्यावर बदनामीबद्दल 25 लाख डॉलर भरपाई बसली. पत्रकार कशावरून म्हणायचं याची न्यायाधीशांनी यादीच केली होती: शिक्षण, संस्था, टिपणं ठेवणं, माहितीची खातरजमा, दुसऱ्या बाजूला विचारणं. 2014 मध्ये अपील कोर्टाने ते फिरवलं. अभिव्यक्तीचं संरक्षण मोठ्या माध्यमसंस्थेच्या शिक्क्यावर अवलंबून नाही, असं म्हटलं. आपल्याकडे तर 1948 मध्येच संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की नागरिकाला नाहीत असे वेगळे हक्क वृत्तपत्रांना नाहीत, म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात त्यांचा स्वतंत्र उल्लेख नको. हे सगळं हायकोर्टात छान वाटलं असतं. इथे पंखा घरघरत होता आणि मागे एकजण हरवलेल्या पाकिटाची तक्रार द्यायला ताटकळत होता.

मी विचारलं, "काकांना कोणत्या कलमाखाली विचारताय?"

"साक्षीदार म्हणून. नागरिक सुरक्षा संहिता, कलम 179."

"मग आधार कार्ड बघा. साठीच्या पुढच्या पुरुषाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. आज ते तक्रारदार म्हणून आलेत. तुमच्या प्रश्नांसाठी लेखी नोटीस काढा आणि घरी या."

साहेबांनी कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हातारपणाने वाचले म्हणायचे."

"तिसरा मजला," काका उठत म्हणाले. "लिफ्ट बंद आहे. जिन्यात टेकू लावलेत, डोकं सांभाळा."

बाहेर टपरीवर काका खुशीत होते. मला मात्र कसंसंच झालं होतं. एकाला गैरसमजाने सोडलं, दुसऱ्याला जन्मतारखेने. उद्या तिशीतली एखादी बाई असाच ब्लॉग लिहीत असेल तर तिचा जबाबही घरीच घ्यावा लागेल, पण तिशीतल्या पुरुषाला मी काय सांगणार?

"टिळक-आगरकरांना कुणी विचारलं होतं का कुठल्या पेपरात आहात म्हणून?" काका म्हणाले. "कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात 101 दिवस काढले त्यांनी इथे डोंगरीच्या तुरुंगात."

"काढले. पण काका, ज्या पत्रांवर ते विसंबले ती बनावट निघाली होती."

काका गप्प झाले. मी विचारलं, "दुसरा रिपोर्ट टाकण्याआधी तुम्ही त्या कन्सल्टंटला फोन केला होता?"

"त्याला कशाला? तो काय खरं सांगणार?"

"बिल्डरला?"

चहा संपवेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग फुटक्या चष्म्याची एक काच डोळ्याशी धरून त्यांनी रिपोर्टवरचा नंबर शोधला, लावला, स्पीकरवर टाकला. बराच वेळ रिंग वाजली आणि बंद झाली. खिशातून त्यांनी छोटी वही काढली. वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायची जुनी सवय, आकडे अगदी रेखीव. लिहिलं: 1.40, उचलला नाही.

"परत कधी लावू?" त्यांनी मला विचारलं.

"जेवणाची वेळ आहे. तीन वाजता लावा."